खेळण्यातल्या आगगाडीची वीज

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातल्या भोजनगृहात शिरलेला माणूस टेबलापाशी येऊन थबकतो. लांबलचक टेबलावर रूळ टाकलेले आहेत आणि त्यांवर चांदीची छोटी आगगाडी उभी आहे. डब्यांवर एकेक रोमन अक्षर आहे. ती ओळीने वाचली की शिंद्यांचं इंग्रजी वळणाचं आडनाव होतं. महाराज माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांच्यासाठी ही गाडी इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने घडवली. जेवण उरकलं की ब्रँडीच्या कुप्या आणि सिगार घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरे. कुपी उचलली की थांबे, जागेवर ठेवली की पुन्हा निघे. राजवाडा जयाजीराव शिंद्यांच्या काळातला, १८७४चा. त्यातलं संग्रहालय १९६४पासून लोकांना खुलं आहे आणि तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या तोंडी झुंबरांपेक्षा या गाडीचंच नाव जास्त असतं.

माधवरावांचं आगगाड्यांचं वेड टेबलापुरतं नव्हतं. राजवाड्याच्या आवारात त्यांनी दोन फुटी रुळांची गाडी आणली आणि त्यातूनच पुढे ग्वाल्हेर लाइट रेल्वे उभी राहिली. १८९९पासून ती प्रवाशांना घेऊन धावू लागली. श्योपूरपर्यंतचा तिचा जवळजवळ २०० किलोमीटरचा फाटा २०२०पर्यंत चालू होता. त्या गाडीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. टेबलावरच्या गाडीने उभा केलेला प्रश्न मात्र आज घरोघरचा आहे, आणि त्याचा नीट आढावा मराठीत क्वचितच घेतला जातो. विजेवर चालणारी छोटी गाडी बहुधा उघड्या रुळांतून वीज घेते. त्या रुळांना हात लागतो, पाणी लागतं, चमचा लागतो. मग भिंतीतल्या २३० व्होल्टपासून त्या रुळांपर्यंत वीज आणायची कशी?

दुकानात गेल्यावर आपण विचारतो, ‘किती व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागेल?’ प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की, भिंतीतली वीज आणि रूळ यांच्यामध्ये आडभिंत कोणती आहे आणि ती कोणी बांधली आहे. व्होल्ट चुकले तर इंजिन जळेल. आडभिंत नसेल तर जीव जाईल.

हे काल्पनिक भय नाही. विजेच्या खेळगाड्यांच्या सुरुवातीच्या काळात अशी आडभिंत नसलेल्या गाड्या नामांकित कंपन्या विकत होत्या. १९२५मध्ये इंग्लंडच्या हॉर्नबीने पहिली विजेची गाडी बाजारात आणली. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या धर्तीवरची ही गाडी घरच्या मेन्सवर, मध्ये एक दिवा जोडून चालवायची होती. जर्मनीतही तशीच पद्धत रूढ होती; मार्कलिनने १९२६मध्ये २० व्होल्टची प्रणाली आणली तेव्हा ती मागे पडू लागली. दिव्याची युक्ती वरवर शहाणपणाची वाटते: दिवा प्रवाह आवरतो, म्हणून मोटार जळत नाही. पण ४० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे ०.१७ ॲम्पियर, म्हणजे १७० मिलिॲम्पियर प्रवाह जाऊ देतो. माणसाच्या छातीतून काही क्षण ३० मिलिॲम्पियरच्या वर प्रवाह गेला तर धोका सुरू होतो. तो दिवा गाडीला सांभाळत होता, मुलाला नाही.

हीच चूक आज वेगळ्या रूपात घरात शिरते. स्वस्त एलईडी बल्बच्या आतला ड्रायव्हर, डास मारायच्या रॅकेटमधलं चार्जिंगचं सर्किट, विजेच्या माळांचे छोटे कंट्रोलर यांपैकी बऱ्याच वस्तूंत दाब कमी करायला फक्त कपॅसिटर किंवा रेझिस्टर असतो. मल्टिमीटर लावला तर दोन तारांमध्ये बारा-पंधरा व्होल्टच दिसतात. पण त्यातली एखादी तार आणि जमीन यांच्यात पूर्ण २३० व्होल्ट असू शकतात. विजेची हौस असलेली मुलं जुन्या वस्तू उकलून त्यांतून ‘बारा व्होल्ट’ काढतात आणि गाडीला जोडतात. त्यांच्या आईवडिलांना एवढंच सांगावंसं वाटतं की, दोन तारांमधले व्होल्ट मोजून ही वस्तू सुरक्षित आहे की नाही ते कळत नाही.

ट्रान्सफॉर्मर इथे कामाला येतो. लोखंडाच्या पातळ पत्र्यांच्या गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यात भिंतीतली वीज जाते, दुसऱ्यातून कमी दाबाची बाहेर येते. दोहोंमध्ये तारेचा सांधा नसतो. ऊर्जा पलीकडे जाते ती चुंबकत्वाच्या वाटेने. म्हणून दुसऱ्या बाजूच्या एका रुळाला हात लावून जमिनीवर उभं राहिलं तरी वीज परतायला वाट सापडत नाही. चांगल्या खेळण्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ही दोन वेटोळी एकावर एक न गुंडाळता वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात, म्हणजे आतला एनॅमल जळाला तरी दोन बाजू एकमेकींना भिडत नाहीत. आजच्या अडॅप्टरमध्येही आत छोटा ट्रान्सफॉर्मरच असतो, फक्त तो फार मोठ्या वारंवारतेवर चालतो, म्हणून हलका होतो. आडभिंत त्यातही असते, पण ती नीट बांधलेली असली तरच.

ट्रान्सफॉर्मर म्हणवणाऱ्या सगळ्याच वस्तूंत ती असते असं नाही. घरचा व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा प्रयोगशाळेतला व्हेरिॲक यांत सहसा एकच वेटोळं असतं आणि त्याच्याच मधून फाटा काढलेला असतो. गोल मुठीने हवा तेवढा दाब मिळतो हे पाहून व्हेरिॲकने थेट गाडी चालवण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा, कारण मूठ १२ व्होल्टवर असली तरी रूळ मेन्सलाच जोडलेले असतात. पंख्याचा रेग्युलेटरही ट्रान्सफॉर्मरच्या आधी लावू नये. रेग्युलेटर लाट कापून देतो. त्या कापलेल्या लाटेने ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो.

आडभिंत ठरली की मग व्होल्ट, ॲम्पियर आणि विजेचा प्रकार. इथे गाडीचा जन्म कुठला ते पाहावं लागतं. ब्रिटिश हॉर्नबी आणि बहुतेक एचओ, डबल-ओ मापाच्या गाड्या १२ व्होल्ट डीसीवर चालतात, रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर, दिशा बदलायची तर ध्रुव उलटायचे. ९ मिलिमीटर रुळांची एन मापाची गाडीही डीसीवरच, आणि तिला विजेची भूक कमी. मार्कलिनची मोठी परंपरा एसीची: १६ व्होल्टपर्यंत वेग, आणि दिशा बदलायला क्षणभर सुमारे २४ व्होल्टचा धक्का. अमेरिकेतल्या लायोनेलच्या जुन्या, मधल्या तिसऱ्या रुळाच्या गाड्याही एसीच्या, १८ व्होल्टपर्यंत; त्यांची दिशा वीज तोडून जोडल्यावर बदलते. ४५ मिलिमीटर रुळांवरच्या बागेतल्या मोठ्या गाड्या बहुधा डीसीच्या, आणि त्या एकट्याने एक-दोन ॲम्पियर घेतात. डिजिटल पद्धतीत रुळांवर सतत दाब असतो आणि त्यातच इंजिनांना हुकूम जातात. तिथे कंट्रोलरच्या कंपनीने सांगितलेलाच पुरवठा घ्यावा, स्वतःचं डोकं चालवू नये.

एसीची गाडी डीसीवर आणि डीसीची एसीवर, यांत दुसरी अदलाबदल वाईट. डीसी मोटारीत स्थिर चुंबक असतो. तिला एसी दिला की ती जागच्या जागी थरथरते, तापते आणि काही मिनिटांत खराब होते. उलट लायोनेलची जुनी मोटार डीसीवर चालते, पण डब्यातली शिटी डीसीच्या खुणेनेच वाजत असल्याने ती वाजतच राहते.

ॲम्पियरचा हिशोब लोक इंजिनावर थांबवतात आणि डबे विसरतात. आजचं चांगलं एचओ इंजिन अर्ध्या ॲम्पियरच्या आत चालतं. पण मागे सहा डबे, प्रत्येकात दोन बारीक दिवे, दिव्यामागे ५० मिलिॲम्पियर धरले तर डब्यांचेच ०.६ ॲम्पियर होतात, म्हणजे इंजिनापेक्षा जास्त. एकूण १.१ ॲम्पियर, १२ व्होल्टने गुणले की १३ वॅटच्या आसपास. वर पाव हिस्सा मोकळा ठेवला तर १६ ते १८ व्हीएचा ट्रान्सफॉर्मर हवा. एलईडीचे डबे असतील तर हा आकडा बराच उतरतो. जुनी लायोनेल मात्र एकटी दोन-अडीच ॲम्पियर ओढते. म्हणूनच लायोनेलचा चार मुठींचा प्रसिद्ध झेडडब्ल्यू ट्रान्सफॉर्मर २७५ वॅटचा होता.

‘मोठा घेतला की काळजी नाही’ हे पंप-मोटारीच्या बाबतीत एक वेळ खरं असेल. इथे ते उलट आहे. रुळांवर शॉर्ट झाला की ट्रान्सफॉर्मर देऊ शकेल तेवढा सगळा प्रवाह त्या जागी जातो. आपल्याकडे एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारे १२ व्होल्ट, १० किंवा २० ॲम्पियरचे जाळीदार पत्र्याचे सप्लाय स्वस्त आहेत, आणि आजकाल छंदाच्या गाड्यांना ते सर्रास लावलेले दिसतात. २० ॲम्पियर म्हणजे २४० वॅट. घसरलेलं चाक दोन रुळांवर आडवं पडलं तर एवढ्या शक्तीने ते लाल होऊ शकतं, प्लास्टिकचे स्लीपर वितळतात, खालचा कागद पेट घेऊ शकतो. शिवाय या सप्लायच्या एकाच पट्टीवर २३० व्होल्टचे आणि १२ व्होल्टचे स्क्रू शेजारी-शेजारी असतात, आणि त्यांवरचं झाकण पहिल्या आठवड्यातच हरवतं. मुलांच्या खोलीत ही वस्तू असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा सुटा ‘१२-०-१२’ ट्रान्सफॉर्मर हा दुसरा लाडका पर्याय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून गावोगावच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांपर्यंत तो मिळतो, आणि त्याने पुष्कळ मुलांना वीज शिकवली आहे. पण त्याच्या दोन टोकांमध्ये २४ व्होल्ट असतात, १२ नव्हे. एका टोकापासून मधल्या तारेपर्यंतचे १२ व्होल्ट एसी घेऊन चार डायोडचा ब्रिज आणि कपॅसिटर लावला तरी बाहेर १२ डीसी येत नाहीत: १२ गुणिले १.४१४, उणे डायोडचे १.४, म्हणजे साडेपंधरा व्होल्ट. भिंतीत २३०ऐवजी २५० व्होल्ट आले की सतरा. १२ व्होल्टचं इंजिन याने सुसाट धावतं, आणि घरचे लोक त्यालाच इंजिनाचा दमदारपणा समजतात. जुने ३ ते १२ व्होल्टचं बटण असलेले एलिमिनेटर याच जातीचे. लोड नसताना त्यांचा दाब छापलेल्या आकड्याच्या बराच वर जातो.

साध्या घरात, एका डीसी गाडीसाठी मी पुढचा मार्ग सुचवीन. गाडीसोबत कंपनीचा भारतीय दाबाचा कंट्रोलर आला असेल तर तोच वापरावा. नसेल तर १२ व्होल्ट, दीड-दोन ॲम्पियरचा, पूर्ण बंद प्लास्टिकचा, बीआयएसची नोंदणीखूण आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असलेला अडॅप्टर घ्यावा. त्यावर एकात एक दोन चौकोनांची खूण असते. ती दुहेरी इन्सुलेशनची. त्याच्या पुढे, कमी दाबाच्या बाजूला, वेगाचा नॉब असलेला छोटा पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने तोडून-जोडून वेग ठरवणारा) कंट्रोलर आणि एक फ्यूज. मेन्सच्या बाजूला आपण एकही स्क्रू उघडायचा नाही. एवढंच लक्षात ठेवावं की अगदी महागड्या नव्या इंजिनांतल्या कोअरलेस मोटारींना कमी वारंवारतेचा पीडब्ल्यूएम सोसत नाही, त्या तापतात.

खेळण्यांसाठी आपल्याकडे १ जानेवारी २०२१पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. विजेच्या खेळण्यांचं मानक आयएस १५६४४. त्यात खेळण्याचा दाब २४ व्होल्टच्या वर जाऊ देत नाहीत. हा नियम १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना लागू आहे. मोठ्यांच्या छंदाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या मॉडेल गाड्या त्यातून सुटतात, आणि नेमक्या त्याच भाच्या-पुतण्यांना भेट म्हणून दिल्या जातात. माधवरावांनीच १९०५मध्ये सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात दर हिवाळ्यात खेळण्यांचे गाळे लागतात. तिथे पेन्सिल सेलवर चालणारी गाडी घेतली तर हा सगळा लेख वाचायची गरज नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी सेलची गाडीच घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन.

परदेशातून आलेल्या गाड्यांचं दुखणं वेगळं. अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेल्या लायोनेलचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. तो इथल्या सॉकेटला लावला तर काही सेकंदांत धूर निघतो. मध्ये स्टेप-डाउन घालावा लागतो, आणि तो खरा, जड, लोखंडी गाभ्याचा हवा. केस वाळवायच्या यंत्रासाठी विकले जाणारे हलके ‘कन्व्हर्टर’ लाट कापतात, ते इथे चालत नाहीत. स्टेप-डाउन घेऊनही वारंवारता बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बांधलेला गाभा ५० हर्ट्झवर तेवढ्याच दाबाला वीस टक्के जास्त चुंबकत्व सोसतो आणि तापतो. म्हणून १२०ऐवजी १०० ते ११० व्होल्ट द्यावेत आणि ट्रान्सफॉर्मरवर छापलेल्या शक्तीच्या दोन-तृतीयांशापुढे जाऊ नये. ब्रिटिश सामान २४० व्होल्ट, ५० हर्ट्झचं असल्याने इथे निमूट चालतं. मार्कलिनचे जुने २२० व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर मध्येच कुठे तरी बसतात: भिंतीत २४५ व्होल्ट आले तर दिशाबदलाचे २४ व्होल्ट २७च्या जवळ जातात, आणि ते नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनाला झेपेलच असं नाही.

भिंतीतल्या दाबाची गोष्ट ग्वाल्हेरकरांना वेगळी समजवायला नको. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, कूलर आणि एसी एकदम सुरू होतात तेव्हा दिवे पिवळे पडतात, आणि रात्री उशिरा लोड उतरला की दाब चढतो. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या गाडीचा वेग या चढउताराबरोबर बदलतो. नॉब न हलवता गाडी वळणावर घसरू लागली तर कारण रुळांत शोधण्याआधी भिंतीत शोधावं. उष्णतेचं गणित त्याहून कठोर आहे. वेटोळ्याच्या तापमानात दर १० अंशांची भर पडली की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर उशीखाली, पलंगाखाली किंवा बंद खोक्यात ठेवू नये. स्पर्शाला कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल किंवा वार्निशचा वास आला तर प्लग काढावा आणि तो पुन्हा लावू नये.

वीज गेली की इन्व्हर्टर चालू होतो आणि पोरं गाडी तशीच चालू ठेवतात. जुन्या स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर लोखंडी ट्रान्सफॉर्मर मोठ्याने गुणगुणतो आणि तापतो. साइन-वेव्ह इन्व्हर्टर असेल तर हरकत नाही.

मराठी घरात विजेची गाडी सगळ्यात जास्त कधी चालते? गणपतीत आणि दिवाळीत. मखराभोवती फिरणारी गाडी हा आरासीचा जुना आवडता प्रकार आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतही तो दिसतो. आणि धोका मोजायचा तर हीच वेळ पहिली मोजावी लागेल. घरात तासभर खेळायला बनवलेला ट्रान्सफॉर्मर इथे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ चालतो. तो दिसू नये म्हणून टेबलाखाली, पडद्यामागे सरकवलेला असतो. आजूबाजूला थर्माकोल, जिलेटिन कागद, सॅटिनचं कापड. वर समई, निरांजन, उदबत्ती. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर दिव्यांच्या माळा, पंखा, फोकस आणि गाडी. आरतीला गर्दी झाली की कोणाचा तरी पाय वायरीत अडकतो. यात बदल करायला फार खर्च नाही. ट्रान्सफॉर्मर उघड्यावर, लाकडी पाटावर किंवा फरशीवर, चारही बाजूंनी वीतभर जागा सोडून ठेवावा. गाडीचा प्लग वेगळ्या सॉकेटला, हाताशी बटण असलेल्या. गाडी आरतीच्या आणि पाहुण्यांच्या वेळी चालवावी, वीस मिनिटांनी तिला विश्रांती द्यावी, आणि घरात कोणी जागं नसताना प्लग काढलेला असावा. नॉब शून्यावर आणला तरी पहिल्या वेटोळ्यात वीज असतेच.

दिवाळीच्या किल्ल्यात पाण्याची भर पडते. ओली माती, रोज शिंपडलेलं पाणी, अंगणात उघड्यावर ओढलेली वायर. किल्ल्याभोवती रूळ टाकणारी मुलं कल्पक असतात आणि त्यांना अडवू नये. पण ट्रान्सफॉर्मर घरात, कोरड्या जागी ठेवावा आणि अंगणात फक्त कमी दाबाची जोडतार न्यावी. लांबीमुळे दाब थोडा घटतो. एक चौरस मिलिमीटरची लवचीक तार घेतली की भागतं. मेन्सची वायर ओल्या मातीत कधीच नको. घरच्या बोर्डावर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी असेल तर मेन्सच्या बाजूला कोणाला शॉक बसताना तो वीज तोडतो. रुळांवरचा शॉर्ट मात्र त्याला दिसत नाही. तो आडभिंतीच्या पलीकडे आहे.

शॉर्टविषयी ग्वाल्हेरच्या त्याच चांदीच्या गाडीची एक कथा प्रसिद्ध आहे. लॅरी कॉलिन्स आणि डॉमिनिक लापिएर यांनी ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’मध्ये (१९७५) ती सांगितली आहे: व्हाइसरॉयच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत नियंत्रणांत शॉर्ट झाला, आणि गाडी बेफाम सुटून पाहुण्यांच्या अंगावर जेवण उडवत गेली. कथेला किती रंग चढला आहे ते बाजूला ठेवू. विजेच्या अंगाने ती पटण्याजोगी आहे. आपल्याला वाटतं की शॉर्ट झाला की गाडी थांबते. दोन रूळ एकमेकांना भिडले तर ती थांबतेच. पण वेग आवरणारा रेझिस्टर शॉर्ट झाला तर अडथळाच नाहीसा होतो आणि गाडीला पूर्ण दाब मिळतो. म्हणून नियंत्रक बिघडला तर काय होईल हे ठरवताना ‘गाडी थांबेल’ असं गृहीत धरू नये. वेगाच्या नॉबखेरीज वीज पूर्ण तोडणारं एक बटण हाताशी हवंच.

दुसरा शॉर्ट लपलेला असतो. रुळांचे तुकडे एकमेकांना जोडतात त्या पत्र्याच्या सांध्यांत थोडा थोडा अडथळा असतो. मांडणी मोठी असली की दूरच्या टोकाला शॉर्ट होऊनही वाटेतल्या अडथळ्यामुळे प्रवाह ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर पडण्याइतका वाढत नाही. ब्रेकर शांत, आणि कुठे तरी एक सांधा तापत राहतो. याची परीक्षा सोपी आहे: गाडी काढून घ्यावी, वेग पूर्ण करावा आणि सर्वांत दूरच्या रुळांवर एक नाणं क्षणभर आडवं टेकवावं. ब्रेकर ताबडतोब पडला तर तारा पुरेशा आहेत. नाही पडला तर नाणं लगेच उचलावं आणि दर मीटर-दीड मीटरवर मुख्य तारेपासून रुळांना फाटे द्यावेत.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून आहे. एकाच मांडणीत एकामागून एक गाड्या सुटताना, सिग्नल बदलताना पाहून आलेल्या मुलाला घरी निदान दोन गाड्या हव्या असतात, आणि तिथे दुसरा ट्रान्सफॉर्मर येतो. दोन लोखंडी ट्रान्सफॉर्मर एकाच रुळाला जोडण्याइतकी वाईट जोडणी या छंदात दुसरी नाही. कारण ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. एकाचा प्लग भिंतीतून काढला आणि दुसरा चालू असला, तर रुळांवरचे १६ व्होल्ट पहिल्याच्या दुसऱ्या वेटोळ्यात शिरतात आणि त्याच्या पहिल्या वेटोळ्यावर दोनशेच्या आसपास व्होल्ट उभे राहतात. म्हणजे हातात धरलेल्या, भिंतीतून काढलेल्या प्लगच्या पितळी पिनांवर. ‘प्लग काढला म्हणजे वीज नाही’ या भरवशावर माणूस त्या पिनांना बिनधास्त हात लावतो. दोन ट्रान्सफॉर्मर असतील तर दोन मंडळांचे (सर्किटांचे) रूळ पूर्ण वेगळे ठेवावेत, किंवा दोन्हींचे प्लग अशा एका बोर्डावर ठेवावेत की एकाच बटणाने दोन्ही बंद होतील.

एसी गाड्यांत आणखी एक बारकावा आहे. दोन मंडळांचा परतीचा रूळ एकच असेल तर दोन्ही ट्रान्सफॉर्मरच्या लाटा एकाच वेळी चढायला-उतरायला हव्यात. नसतील तर सांध्यावरून जाणाऱ्या गाडीला १६ऐवजी ३२ व्होल्ट भेटतात. दोन्हींची एकेक तार जोडून उरलेल्या दोन तारांमध्ये मोजावं: शून्याजवळ असेल तर बरोबर, दुपटीजवळ असेल तर उलट. अमेरिकेत दोन पिनांचा प्लग उलटा लावून हे दुरुस्त करतात. आपल्या तीन पिनांच्या प्लगला ते शक्य नाही, तेव्हा एका ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या दोन तारांची अदलाबदल करावी.

जुन्या वस्तूंचा प्रश्न राहतो. आजोबांच्या पेटीतून निघालेली गाडी बहुधा चालते. तेल, थोडी सफाई, नवे ब्रश एवढं तिला पुरतं. ट्रान्सफॉर्मरचं तसं नसतं. चाळीस-पन्नास वर्षांत रबरी वायर ठिसूळ होते, आतला कापडी इन्सुलेशनचा थर सुकतो, पावसाळ्यांची ओल वेटोळ्यांत उतरलेली असते. प्लग न लावता मल्टिमीटरने एवढं पाहता येतं: प्लगच्या दोन पिनांमध्ये काही दहा ते काही शे ओहम, बाहेरच्या दोन स्क्रूंमध्ये एक-दोन ओहम किंवा त्याहून कमी, आणि पिना व स्क्रू यांच्यामध्ये मीटरला काहीच वाट सापडू नये, तसंच पिना आणि पत्र्याची पेटी यांच्यामध्येही. शेवटच्या दोन ठिकाणी कुठलाही आकडा दिसला तर ती वस्तू संपली. काहीच दिसलं नाही तरी मल्टिमीटरच्या नऊ व्होल्टच्या सेलने घेतलेली परीक्षा अपुरी असते. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात इन्सुलेशन तपासणारा ५०० व्होल्टचा मेगर असतो; तिथे नेऊन पाहावं. नियॉन टेस्टरच्या लुकलुकण्यावर विसंबू नये. आजच्या चांगल्या अडॅप्टरच्या टोकाशीही तो कधी कधी मंद पेटतो, आणि त्या किंचित गळतीत व खऱ्या बिघाडात फरक त्याला सांगता येत नाही.

मेगरवर नापास झालेला ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये, आणि भंगारात किंवा कोणाला ‘बघ, चालला तर’ म्हणूनही देऊ नये. त्याची वायर पेटीला लागून कापावी, म्हणजे पुढे कुतूहलाने कोणी तो सॉकेटला लावणार नाही. मग तो गाडीशेजारी कपाटात ठेवायला हरकत नाही. गाडी नव्या पुरवठ्यावर चालते.